हसण्याचा हक्क कोणाचा? : ‘डार्क शॅडोज’ची चित्रपटीय पुनर्निर्मिती आणि चाहत्यांमधील वाद

प्रास्ताविक

लोकप्रिय झालेल्या जुन्या कृतीची नव्या माध्यमात पुनर्निर्मिती झाली की मूळ कृतीवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकवर्गात वाद उद्भवतो. या वादाची आपल्याकडील अभ्यासकांनी फारशी गंभीर दखल घेतलेली नाही. माध्यमांतरावरील आपल्या चर्चासत्रांतून सादर होणारे बहुसंख्य निबंध एका ठरलेल्या वाटेने जातात. मूळ संहितेत काय होते, रूपांतरात काय गळले, काय वाढले, यांची जंत्री केली जाते आणि अखेरीस मूळ कृतीला न्याय मिळाला किंवा मिळाला नाही असा निवाडा दिला जातो. चाहत्यांचा वादही वरकरणी याच निष्ठेच्या मुद्द्यावर लढला जात असल्यामुळे तो आपल्याला ओळखीचा आणि म्हणूनच दुर्लक्षणीय वाटतो. प्रस्तुत लेखात अशाच एका वादाचा विचार करावयाचा आहे. १९६६ ते १९७१ या काळात अमेरिकेत प्रसारित झालेली ‘डार्क शॅडोज’ ही गॉथिक मालिका आणि तिच्यावरून टिम बर्टन यांनी २०१२ मध्ये काढलेला त्याच नावाचा चित्रपट, हा त्याचा विषय होय. या वादात निष्ठेची भाषा वापरली गेली असली तरी त्यामागची खरी तक्रार वेगळी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘गॉथिक’ या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘भयकथा’ म्हटले की वाचकावरील परिणामाकडे लक्ष जाते, ‘गूढकथा’ म्हटले की उलगडावयाच्या रहस्याकडे. होरेस वॉलपोल यांच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’पासून चालत आलेल्या गॉथिक परंपरेत या दोहोंइतकेच महत्त्व वास्तूला असते. जुनाट प्रासाद, त्यात कुजत चाललेले घराणे, त्या घराण्याचे पूर्वजांनी केलेले आणि वंशजांना भोवणारे पाप, आणि बाहेरून त्या घरात आलेली एक एकाकी तरुणी, ही त्याची मूळ सामग्री होय.

मालिकेचे स्वरूप

‘डार्क शॅडोज’चा आरंभ याच सामग्रीतून झाला. आगगाडीतून अनोळखी गावी निघालेल्या मुलीचे स्वप्न निर्माते डॅन कर्टिस यांना पडले आणि त्यातून मालिकेची कल्पना सुचली, ही हकिकत कर्टिस स्वतः सांगत असत. २७ जून १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर पहिला भाग दाखविला गेला. त्यात व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या कल्पित गावी, कॉलिनवुड नावाच्या प्रासादात एका मुलाची शिक्षिका म्हणून दाखल होते. ‘जेन एअर’ वाचलेल्या कोणालाही हा प्रारंभ परिचित वाटेल. पहिले काही महिने मालिका बेताचीच चालली. भुतेखेते आली, तरी प्रेक्षक आले नाहीत. एप्रिल १९६७ मध्ये विली लूमिस हा भुरटा दागिन्यांच्या लोभाने साखळदंडांनी जखडलेली एक शवपेटी उघडतो आणि सुमारे पावणेदोनशे वर्षे कोंडून पडलेला बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पूर्वज बाहेर येतो. हे पात्र थोड्या काळापुरतेच योजलेले होते. जोनाथन फ्रिड या रंगभूमीवरील नटाने ते इतक्या दुःखी प्रौढीने उभे केले की त्याला मारणे अशक्य झाले. मालिका २ एप्रिल १९७१ पर्यंत चालली आणि तिचे १२२५ भाग झाले.

या मालिकेच्या निर्मितीची पद्धत ध्यानात घेतल्याशिवाय पुढील वाद समजणार नाही. सोमवार ते शुक्रवार रोज अर्ध्या तासाचा एक भाग. न्यूयॉर्कमधील एका लहान चित्रीकरणगृहात तो जवळजवळ नाटकाच्या प्रयोगासारखा, फारसे न थांबता ध्वनिचित्रफितीवर उतरविला जाई. चूक झाली तरी ती सुधारण्यास वेळ व पैसा नसे. त्यामुळे ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवरून सरकते, थडगे हाताच्या स्पर्शाने हलते, दार उघडत नाही, चौकटीच्या कडेला एखादा तंत्रज्ञ दिसून जातो. फ्रिड यांना संवाद पाठ राहत नसत. वाक्याच्या मध्यावर त्यांची नजर कॅमेऱ्याबाहेरच्या संवादफलकाकडे वळे आणि तेथून शब्द घेऊन परत येई. ही नजर पुढे बार्नबसच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग बनली. आपल्या घरात आपणच परके आहोत असे वाटणारा माणूस जसा आजूबाजूला पाहील, तशी ती नजर आहे.

मालिका दुपारी उशिरा लागे. शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन ती पाहणाऱ्या मुलांची एक पिढी अमेरिकेत झाली. मालिका संपल्यानंतर हा प्रेक्षकवर्ग पांगला नाही. त्याने स्वतः छापलेली नियतकालिके काढली, त्यांतून कथा लिहिल्या, आणि १९८३ पासून वार्षिक मेळावे भरविले. या मेळाव्यांना मूळ नटसंचातील मंडळी येत. मॅगी एव्हन्सची भूमिका करणाऱ्या कॅथरिन ली स्कॉट यांनी १९८६ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले. सार्वजनिक प्रसारण केंद्रांवरून मालिका पुन्हा दाखविली गेली, चित्रफिती निघाल्या. दिवसा प्रसारित होणाऱ्या त्या काळातील बहुतेक मालिकांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असताना ही मालिका जवळजवळ संपूर्ण टिकली. शेवटच्या आठवड्यांतील एका भागाची फीत मात्र हरवली आहे. एका प्रेक्षकाने घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे तो भाग पुन्हा जुळविण्यात आला. कृतीचे रक्षण करण्यात चाहत्यांचा वाटा किती प्रत्यक्ष होता हे यावरून दिसून येते, आणि ‘ही मालिका आमची आहे’ ही त्यांची भावना निव्वळ भाबडेपणाची नव्हती हेही.

वादाचा प्रारंभ

बर्टन यांच्या चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा चाहत्यांनी तिचे स्वागत केले, आणि त्यास कारणही होते. बर्टन व जॉनी डेप हे दोघेही लहानपणी ही मालिका पाहत असत. बार्नबस व्हावे असे बालपणी वाटत असल्याचे डेप यांनी वारंवार सांगितले आहे. मिशेल फायफर यांनी आपण मालिकेच्या चाहत्या असल्याचे बर्टन यांना कळवून भूमिका मागितली होती. म्हणजे चित्रपट चाहत्यांच्याच हाती गेला होता. मार्च २०१२ मध्ये त्याची पहिली जाहिरातझलक प्रसिद्ध झाली आणि वातावरण पालटले. झलकेत विनोदी प्रसंगांचीच रेलचेल होती. अठराव्या शतकातील बार्नबस १९७२ मध्ये जागा होतो, मॅकडोनाल्ड्सच्या झळाळत्या आद्याक्षराला सैतानाची खूण समजतो, दूरचित्रवाणीसंचात कोंडलेल्या चिमुकल्या गायिकेला बाहेर येण्याचे आव्हान देतो. अनेक जुन्या चाहत्यांना ही आपल्या श्रद्धास्थानाची थट्टा वाटली. दुसरा गट संयमाचा सल्ला देत होता. झलकेवरून चित्रपट ठरत नाही, या निमित्ताने नवी पिढी मूळ मालिकेकडे वळेल, मूळ भाग पुन्हा बाजारात येतील, असे त्याचे म्हणणे होते. संपूर्ण मालिकेचा शवपेटीच्या आकाराचा तबकडीसंच त्याच वर्षी निघाला.

याच सुमारास, एप्रिल २०१२ च्या मध्यास, जोनाथन फ्रिड वारले. चित्रपट अमेरिकेत ११ मे रोजी प्रदर्शित झाला. या चार आठवड्यांत चाहत्यांची चर्चा एकाच वेळी चित्रपटाविषयीची आणि सुतकातील होती. फ्रिड, कॅथरिन ली स्कॉट, लारा पार्कर आणि डेव्हिड सेल्बी या मूळ मालिकेतील चौघांना बर्टन यांनी इंग्लंडमध्ये बोलावून एका प्रसंगात उभे केले होते. कॉलिनवुडमधील मेजवानीला पाहुणे येतात आणि दारात नवा बार्नबस त्यांचे स्वागत करतो, एवढाच तो प्रसंग. काही क्षणांचा, संवाद नसलेला. ज्या माणसाने हे पात्र घडविले तो त्याच घरात पाहुणा म्हणून प्रवेश करतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. काहींना हा योग्य मान वाटला, काहींना उपेक्षा. प्रस्तुत लेखकाला दोन्ही प्रतिक्रिया समजतात. मान द्यावयाचा तर एखादे वाक्य तरी द्यावयास हवे होते, असे मात्र वाटते.

निष्ठेच्या युक्तिवादाची दुर्बलता

चित्रपटावर मुख्य आक्षेप होता तो मूळ कृतीशी द्रोह केल्याचा. हा आक्षेप तपासून पाहिला तर टिकत नाही. पहिले कारण असे की ‘डार्क शॅडोज’ ही मालिकाच उघड उसनवारीवर उभी आहे. ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘जेन एअर’, ‘द टर्न ऑफ द स्क्रू’, ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या साऱ्यांचे कथासूत्र तिने संकोच न करता उचलले. रोज अर्धा तास भरावयाचा असल्यामुळे लेखकांनी दिसेल ते ग्रंथालय लुटले असे म्हटले तरी चालेल. लिंडा हचन यांनी रूपांतरावरील आपल्या २००६ च्या ग्रंथात रूपांतर म्हणजे नक्कल न करता केलेली पुनरावृत्ती अशी भूमिका घेतली आहे. ही मालिका त्या भूमिकेचे चालतेबोलते उदाहरण होय. तिच्याबाबतीत मूळ कोणते, हा प्रश्नच संदिग्ध आहे.

दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. कर्टिस यांनी स्वतःच आपल्या कृतीची पुनर्निर्मिती केली आणि ती निष्ठापूर्वक केली नाही. १९७० च्या ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ या त्यांच्या चित्रपटात बार्नबस सहानुभूतीला पात्र नाही. तो क्रूर आहे आणि कॉलिन्स कुटुंबातील बहुतेकांचा त्यात नाश होतो. १९९१ मध्ये एनबीसीसाठी त्यांनी बेन क्रॉस यांना घेऊन काढलेली नवी मालिका बारा भागांनंतर बंद पडली. आखाती युद्धाच्या वार्तांकनाने तिच्या वेळापत्रकाचा विचका केला होता. २००४ मध्ये आणखी एक प्रायोगिक भाग तयार झाला, तो प्रसारितच झाला नाही. बर्टन यांच्यावर चाहत्यांचा सर्वांत मोठा राग डॉ. ज्युलिया हॉफमनच्या हत्येबद्दल होता. परंतु १९७० च्या चित्रपटातही बार्नबस तिचा गळा आवळून जीव घेतोच. तेव्हा त्याच गुन्ह्यासाठी एकाला माफी आणि दुसऱ्याला शिक्षा का, असा प्रश्न विचारावा लागतो.

खरी तक्रार

या प्रश्नाचे उत्तर हसण्याच्या मुद्द्यापाशी सापडते. चाहते मालिकेला हसत नसत असे मुळीच नाही. हलणारी थडगी आणि विसरलेले संवाद हा त्यांच्या मेळाव्यांतील आनंदाचा मोठा भाग होता. चुकांची संकलने ते आवडीने पाहत आणि स्वतः नटमंडळीही त्या हसण्यात सामील होत. परंतु हे हसणे घरातील माणसाला हसण्यासारखे होते. त्याच्या मुळाशी एक अट होती, ती म्हणजे पडद्यावरील माणसे हसत नाहीत. जोन बेनेट ही १९४० च्या दशकात फ्रिट्झ लँग यांच्या चित्रपटांची नायिका राहिलेली अभिनेत्री. सभोवती पुठ्ठ्याच्या भिंती थरथरत असताना ती एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्डचे दुःख पूर्ण गांभीर्याने साकार करते. ज्युलियाची भूमिका करणाऱ्या ग्रेसन हॉल यांना ‘द नाइट ऑफ द इग्वाना’साठी ऑस्करचे नामांकन मिळालेले होते. या मंडळींनी एकदाही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकाविला नाही. सुसान सॉन्टॅग यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘कॅम्प’ या अभिरुचीचे दोन प्रकार मानले आहेत : स्वतःविषयी अजाण असलेला आणि हेतुपुरस्सर घडविलेला. पहिल्यातील मोहकता दुसऱ्यात राहत नाही, असे त्या म्हणतात. मालिका पहिल्या प्रकारची होती. चित्रपट दुसऱ्या प्रकारचा आहे. चाहत्यांच्या हाती असलेले हसणे चित्रपटाने काढून घेतले आणि ते पटकथेत लिहून ठेवले. ज्या प्रेक्षकाने बाराशे भागांपैकी एकही पाहिला नाही, त्यालाही ते हसणे तिकिटाबरोबर मिळू लागले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मालिकेत बार्नबस स्वतःला इंग्लंडहून आलेला चुलत नातेवाईक म्हणवतो. त्याच्या जुन्या धाटणीच्या अदबीचे सर्वांना कौतुक वाटते. आपण कोणत्या काळात आलो आहोत याची त्याला जाणीव आहे, परंतु त्या काळाशी त्याला कर्तव्य नाही. मृत जोसेटचे रूप त्याला मॅगीमध्ये दिसते. तो तिला पळवून नेऊन कोंडतो, तिला जोसेटचे नाव व जोसेटची वस्त्रे देतो. त्याचा कालविपर्यास भयानक आहे. गेलेला काळ दुसऱ्याच्या देहावर लादण्याची ती धडपड आहे. चित्रपटात हाच कालविपर्यास लाव्हा दिव्याकडे थक्क होऊन पाहण्यापुरता उरतो. विनोद वाईट आहेत असे नव्हे, त्यांतील काही उत्तम आहेत. परंतु ते बार्नबसच्या आत शिरत नाहीत, त्याच्या पोशाखावर थांबतात.

चित्रपटाला अनुकूल बोलावयाचे तर दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्याचा प्रारंभ, विशेषतः आगगाडीतून येणाऱ्या व्हिक्टोरियाचा प्रवेश, कोणतीही थट्टा न करता चित्रित झाला आहे. कर्टिस यांचे स्वप्न त्यात ओळखू येते. आणि एव्हा ग्रीन यांची अँजेलिक. शेवटी तिची कातडी चिनीमातीसारखी तडकत जाते आणि ती छातीतून स्वतःचे हृदय काढून बार्नबसपुढे धरते, त्या क्षणी चित्रपटाला अकस्मात आपला विषय सापडतो. दुर्दैवाने तो क्षण अखेरच्या दहा मिनिटांतला आहे. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाचे अमेरिकेतील उत्पन्न ८ कोटींच्या आतच राहिले. त्याच्या एक आठवडा आधी ‘द अव्हेंजर्स’ प्रदर्शित झाला होता, हेही लक्षात ठेवावे लागेल.

ज्युलियाचा प्रश्न

आता डॉ. हॉफमनकडे परत येऊ, कारण चाहत्यांच्या रागाचा दुसरा झरा तेथे आहे. मालिकेत ज्युलिया ही घराण्याचा इतिहास लिहिण्याचा बहाणा करून येते. बार्नबसचे रहस्य तिला कळते तेव्हा ती पळून जात नाही, तर त्याच्यावर उपचार करण्याचा प्रस्ताव मांडते. तो तिला प्रथम मारावयास निघतो. ती त्याच्यासाठी खोटे बोलते, पुढे त्याच्याबरोबर एका सहकारी डॉक्टरच्या खुनात सामील होते, आणि त्यासाठी आतून पोखरली जाते. वर्षभरात शत्रुत्वाचा संशय होतो, संशयाचा करार, कराराची सवय, आणि सवयीची मैत्री. त्याच्या शोधात ती १८९७ मध्ये जाते, १८४० मध्ये जाते. तिचे त्याच्यावर प्रेम आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असावे. १८४० च्या कथानकाच्या शेवटी तो आपले प्रेम व्यक्त करतो ते अँजेलिकविषयी. ज्युलियाला शब्दांत उत्तर मिळतच नाही. प्रौढ, सुंदर न मानली गेलेली, बुद्धिमान स्त्री एका दैनंदिन मालिकेच्या केंद्रस्थानी तीन-चार वर्षे राहते, ही त्या काळच्या दूरचित्रवाणीवर सामान्य घटना नव्हती. चाहत्यांच्या लेखनात तिला एवढी जागा का मिळाली याचे आश्चर्य वाटावयास नको. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांच्या लेखनाविषयी जे मांडले, म्हणजे मूळ कृतीने रिकाम्या सोडलेल्या जागांत चाहते वस्ती करतात, ते ज्युलियाइतके क्वचितच कोणाला लागू पडेल.

हे नाते ११३ मिनिटांत उभे करता येत नाही. बर्टन यांच्या दिग्दर्शनाचा येथे काही दोष नाही, हा माध्यमाचा हिशेब आहे. मूळ कृती चारशे तासांहून अधिक आहे. तिच्यातील बराचसा वेळ, खरे सांगावयाचे तर, पात्रांनी एकमेकांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात जातो. लागोपाठ पाच-सहा भाग पाहताना प्रस्तुत लेखकाचा धीर अनेकदा सुटला आहे. परंतु रोज एक भाग पाहणाऱ्यासाठी ही पुनरुक्तीच सहवासाचे रूप घेते. ज्युलिया बार्नबसला क्षमा करते तेव्हा प्रेक्षकानेही तितकेच महिने त्याला क्षमा करण्यात घालविलेले असतात. चित्रपटातील हॉफमन ही मद्यपी, म्हातारपणाला घाबरलेली मानसोपचारतज्ज्ञ आहे. उपचाराच्या निमित्ताने ती त्याचे रक्त चोरून स्वतःस टोचते. पकडली जाते, मारली जाते, समुद्रात फेकली जाते. १९७० च्या चित्रपटातील ज्युलिया मत्सरापोटी द्रोह करते. त्या मत्सराला निदान प्रेमाचे मूळ होते आणि प्रेक्षकांच्या मनात मालिकेतील ज्युलिया त्या दिवशी दुपारीच येऊन गेलेली होती. मालिका चालू असताना निघालेला चित्रपट ज्युलियाला मारू शकत होता, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जिवंत दिसणारच होती. २०१२ मध्ये तशी सोय नव्हती. ग्रेसन हॉल १९८५ मध्येच वारल्या होत्या. समान गुन्ह्यासाठी दोन निवाडे का, याचे उत्तर हे आहे, आणि ते निष्ठेच्या तराजूत मावत नाही.

हॅरी बेनशॉफ यांनी या मालिकेवरील आपल्या २०११ च्या पुस्तकात तिच्या प्रेक्षकवर्गाकडे ज्या आस्थेने पाहिले आहे, ती आस्था चित्रपटावरील वृत्तपत्रीय समीक्षेत अपवादानेच आढळते. तेथे चाहत्यांचा राग हे बहुधा हट्टी बालिशपणाचे लक्षण ठरले. चाहत्यांकडे आपले म्हणणे मांडण्यास निष्ठेवाचून दुसरी परिभाषा नव्हती, आणि ती पुरविणे हे समीक्षेचे काम होते. या वादाच्या निमित्ताने तेवढे तरी आपण स्वतःकडे वळून पाहावयास हरकत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती ‘न्याय’ आणि ‘अन्याय’ हे दोनच शब्द देऊन आपण त्यांना रूपांतरावर निबंध लिहावयास सांगतो.

चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात कॅमेरा पाण्याखाली जातो. समुद्रतळाशी बांधून टाकलेली हॉफमन तेथे आहे. ती एकाएकी डोळे उघडते. पुढील भागाची ती सोय होती. तो भाग निघाला नाही.